क्रोशाचं सूर्यफूल बर्डीवर पोहोचलं आणि त्याची मजा का गेली?

क्रोशाचं सूर्यफूल दिसलं नाही अशी जागा आता नागपुरात शोधावी लागेल. गाडीच्या आरशाला ते लटकलेलं असतं, कॉलेजातल्या पोरींच्या केसांत असतं, धरमपेठेतल्या कॅफेच्या काउंटरवर बरणीत खोचलेलं असतं. लग्नाच्या लॉनवर दिवाळीआधी प्रदर्शनं भरतात तिथे तर टेबलामागून टेबल तेच. आणि आता बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डी बाजाराच्या मेन रोडवर, मोबाइल कव्हर आणि हेअरबँडच्या शेजारी, ढिगानं.

गंमत म्हणजे ज्या मुलींनी हे सगळ्यात आधी सुरू केलं, त्यातल्या बऱ्याच जणींनी सुया गुंडाळून ठेवल्या आहेत. ओळखीतल्या एकीला विचारलं, "काहून गं, बंद केलं का?" तर म्हणते, "सगळ्याच करून राहिल्या न काकू आता. काय मजा त्याच्यात?"

फूल तेच आहे, लोकर तीच आहे, तिचा हात तर उलट आणखी बसलाय. मग गेलं काय? रेझिनचे ट्रे, दोरीला गाठी मारून केलेले मॅक्रमेचे झुले, खणाच्या डायऱ्या, डॉट मंडलाच्या थाळ्या, सगळ्यांच्या बाबतीत हेच झालं. थोड्यांचं असतं तोवर भारी, सगळ्यांचं झालं की "काय ते". या कोड्यावर समाजशास्त्रानं, अर्थशास्त्रानं आणि चक्क गणितानंही डोकं चालवलेलं आहे. ते एकेक करून बघू.

आधी क्रोशा समजून घेऊ

'विणकाम' म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत टाकतो. स्वेटर दोन सुयांवर विणतात तेव्हा सुईवर पन्नास-साठ घरं, म्हणजे धाग्याचे फासे, एकाच वेळी उघडी असतात. एक सुटलं तर खालपर्यंत उसवत जातं. क्रोशाची सुई एकच, टोकाला आकडा असलेली, आणि तिच्यावर साधारणपणे एकच घर जिवंत असतं. ते बंद करायचं, मग पुढचं उघडायचं. साखळी, मुका खांब, खांब, एवढ्या तीन-चार टाक्यांत सगळा संसार. पण आकडा मागच्या कुठल्याही टाक्यात घालता येतो, म्हणून गोल फिरता येतं, पाकळी काढता येते, सशाचे कान काढता येतात.

ही मोकळीक यंत्राला अजून जमलेली नाही. दोन सुयांच्या विणकामाची नक्कल करणारं मोज्यांचं यंत्र इंग्लंडात विल्यम ली यांनी १५८९ सालीच बनवलं. खऱ्या क्रोशाचं कारखान्यात चालणारं यंत्र आजही नाही. मॉलमध्ये 'क्रोशे टॉप' म्हणून जे लटकतं, ते बरेचदा दुसऱ्याच तऱ्हेच्या यंत्रावर विणलेली जाळी असते, लांबून तशी दिसणारी. खरोखरचं क्रोशा असेल तर ते कुणाच्या तरी हातानंच झालेलं असतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पैशाचा हिशोब करताना लागणार आहे.

आपल्या घरांना क्रोशा नवं नाही. दूरदर्शनच्या काळात टीव्हीवर, टिपॉयवर, फ्रिजवर क्रोशाचे रुमाल असायचे. रुखवतात क्रोशाचं तोरण नसलं तर मुलीकडच्यांना कमीपणा वाटायचा. मग पुढच्या पिढीनं नाक मुरडलं आणि ते सगळं 'आजीछाप' होऊन कपाटात गेलं. म्हणजे क्रोशा एकदा उतरलं होतं, परत चढलं, आणि आता परत उतरतीला लागलंय.

कूलपणा फुलात नसतो

समजा तुम्हाला तर्री-पोह्याचा एक ठेला माहीत आहे. आडगल्लीत, पाटी नाही, सकाळी नऊला संपतो. बाहेरगावचा मित्र आला की तुम्ही त्याला तिथे घेऊन जाता. त्याला पोहे आवडतात ते आवडतातच, पण तुमचा भाव वाढतो तो "याला बावा सगळं माहीत असतं" म्हणून. पुढे कुणीतरी त्या ठेल्याचं रील काढतो. आता तिथे रांग लागते. तर्री तेवढीच झणझणीत, चणे तेवढेच, पण मित्राला घेऊन गेलात तर तो म्हणतो, "हा तर मी पाहिलाय." पोह्यात काहीच कमी झालेलं नाही. तुम्हाला जी गोष्ट इतरांआधी कळली होती, ती आता इतरांनाही कळली, एवढंच झालं.

हातानं केलेल्या वस्तूचंही असंच दोन भागांत असतं. एक भाग वस्तूचा: रंग, टाका, टिकाऊपणा. दुसरा भाग खुणेचा. ती वस्तू जवळ असणं म्हणजे मी कोण आहे, मला काय कळतं, माझी ऊठबस कुणात आहे, हे न बोलता सांगणं. कूलपणा जवळजवळ सगळा या दुसऱ्या भागात राहतो. आणि खूण म्हणून एखादी गोष्ट चालण्यासाठी ती बहुतेकांकडे नसणं भाग आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०४ सालीच फॅशनबद्दल हे मांडलं होतं. माणसाला दोन गोष्टी एकदम हव्या असतात: चारचौघांसारखं असणं आणि चारचौघांत उठून दिसणं. फॅशन दोन्हींची सोय करते, म्हणूनच ती पसरते, आणि पसरली की उठून दिसण्याची सोय संपते. यशातच तिचा शेवट असतो.

पुढे १९५० मध्ये हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं हेच मागणीच्या भाषेत सांगितलं. काही लोक एखादी वस्तू इतर घेतात म्हणून घेतात. काही लोक इतर घेतात म्हणून सोडतात. पहिल्याला अर्थशास्त्रात बँडवॅगन परिणाम म्हणतात, दुसऱ्याला स्नॉब परिणाम. आपण सरळ 'लाट' आणि 'नाक मुरडणं' म्हणू. दोन्ही एकाच बाजारात, एकाच वेळी चालू असतात. बर्डीवर फूल घेणारी पोरगी लाटेत आहे, सुया गुंडाळणारी नाक मुरडते आहे, आणि दोघी एकाच फुलाकडे बघतायत.

बियाणं आणि पिशवी

नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा सगळ्यात प्रसिद्ध आराखडा एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकाचा, १९६२ सालचा. हा माणूस आयोवातल्या शेतकरी कुटुंबातला, आणि त्याच्या विचारामागे आयोवाच्याच शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं कसं स्वीकारलं याचा १९४३ साली छापलेला अभ्यास होता. रॉजर्सनी लोकांची वाटणी केली ती अशी: अगदी पहिले धाडसी २.५ टक्के, त्यांच्याकडे बघून लवकर येणारे १३.५ टक्के, मग लवकरचा मोठा घोळका ३४ टक्के, उशिराचा मोठा घोळका ३४ टक्के, आणि शेवटपर्यंत मागे राहणारे १६ टक्के. हे आकडे मोजून आलेले नाहीत, सरासरीपासूनच्या अंतरावर पाडलेले कप्पे आहेत. पण चित्र समजायला पुरेसे आहेत.

विदर्भाच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. २००२ मध्ये बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली, तेव्हा कुणी आधी पेरलं, कुणी बांधावर उभं राहून शेजाऱ्याची बोंडं मोजली, हे गावोगाव लोकांनी पाहिलंय.

पण बियाण्यात आणि क्रोशाच्या पिशवीत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते सगळं कोडं तिथेच सुटतं. शेजाऱ्यानं तेच बियाणं पेरलं म्हणून तुमच्या वावरातलं बोंड लहान होत नाही. शेजारणीनं तीच पिशवी घेतली की तुमच्या पिशवीचं काहीतरी कमी होतं. बियाणं कामाची वस्तू आहे. पिशवी कामाचीही आहे आणि खुणेचीही. रॉजर्सचा आराखडा पहिल्या जातीच्या वस्तूंना नीट बसतो, कारण तिथे शेवटचा माणूस आला की गोष्ट संपते. दुसऱ्या जातीत मधला घोळका आत येत असतानाच पहिले लोक मागच्या दारानं बाहेर पडायला लागतात.

लाट चढली कशी?

यात फार खोल काही नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीनं लोकांना घरात बसवलं. जूनच्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणली. हातानं काही घडतंय असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ बघायला कुणालाही आवडतो. त्याच वर्षी हॅरी स्टाइल्स या इंग्रज गायकानं एका तालमीला रंगीत ठिगळांचा स्वेटर घातला, पोरापोरींनी घरी तसाच विणायचा सपाटा लावला, आणि शेवटी डिझायनरनं स्वतःच नमुना फुकट देऊन टाकला. तो स्वेटर दोन सुयांवरचा होता, पण वारं लोकरीलाच लागलं होतं. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश डायव्हर, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारणारा खेळाडू टॉम डेली, प्रेक्षकांत बसून विणताना जगानं पाहिला.

आणि क्रोशाला भांडवल काय लागतं? एक सुई, लोकरीची एक गुंडी. रेझिनला साचे, हातमोजे, मोकळी हवा लागते. चाकावरच्या मातीकामाला चाक आणि भट्टी. क्रोशा गॅसवर कुकर ठेवून शिट्ट्या मोजत करता येतं. उंबरठा इतका बुटका असला की लाट वेगानं आत येते.

वेगळं दिसायला निघाले आणि सारखेच झाले

इथे गणित येतं. जोनाथन तुबूल नावाच्या गणितज्ञानं एक प्रश्न घेतला: जे लोक मुद्दाम बहुमताच्या उलट वागतात, ते शेवटी एकमेकांसारखेच का दिसतात? त्याचं उत्तर असं की बहुमत काय करतंय ही बातमी आपल्यापर्यंत उशिरा पोहोचते. त्या उशिरामुळे वेगळं होऊ पाहणारे सगळे साधारण एकाच वेळी, एकाच दिशेला वळतात. प्रत्येकाला वाटतं मीच वळलो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नियतकालिकानं या अभ्यासावर लेख छापला आणि सोबत एका दाढीवाल्या, टोपीवाल्या, चौकड्याच्या शर्टातल्या तरुणाचा, विकत मिळणारा तयार फोटो लावला. एका गृहस्थानं संतापून कळवलं की माझा फोटो न विचारता का वापरला? संपादकांनी फोटो पुरवणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली, तर फोटोतला माणूस भलताच निघाला. स्वतःला वेगळा समजणाऱ्या गड्याला स्वतःचा फोटोही ओळखता आला नव्हता. अभ्यासाला यापेक्षा चांगला पुरावा कुणी विकतही देणार नाही.

प्रदर्शनात फिरताना हे डोळ्यांनी दिसतं. प्रत्येक टेबलावरची ताई सांगते, "आमचं युनिक आहे." आणि प्रत्येक टेबलावर तपकिरी गाभ्याचं पिवळं सूर्यफूल, गुलाबी ट्युलिप, मधमाशी आणि बेडकाची टोपी. खोटं कुणीच बोलत नाही. सगळ्यांनी ते नाकासमोरच्या मोबाइलच्या चौकटीतून शिकलंय आणि त्या चौकटीत सगळ्यांना तेच चार-पाच व्हिडिओ आलेत. पूर्वी ही कला आत्याकडून भाचीकडे जायची तेव्हा आत्याची एखादी खोड, एखादा चुकीचा पण सुंदर टाका सोबत जायचा. आता खोडच जात नाही.

धंदा बसतो तो वेगळ्या कारणानं

इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. "ट्रेंड गेला म्हणून विकलं जात नाही," असं सगळे म्हणतात. पण कूलपणा जाणं आणि भाव पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, जरी ती एकाच मोसमात येत असली तरी. बर्डीवर फुलं विकली जातायत की! पहिल्यापेक्षा जास्तच. पडलाय तो भाव.

समजा एका फुलाला लोकर, तार आणि हिरवी टेप मिळून २५ रुपये लागतात. बसलेल्या हातालाही देठापानांसकट तास जातो असं धरू. फूल ६० ला गेलं तर तासाचे ३५ रुपये सुटले. आठ तास मान मोडून बसलं तर २८०. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे 'हँडमेड विथ लव्ह' असं चिकटवलेलं फूल करणाऱ्या हाताला खड्डा खणणाऱ्या हातापेक्षाही कमी पडलं. टेबलाचं भाडं तर यात धरलेलंच नाही.

मग ६० ला विकतं कोण? जिला वेळेचे पैसे लावायची सवय नाही ती. नवशिकी पोरगी लोकरीचा खर्च निघाला की खूश असते. "टीव्ही बघता बघता होतं" म्हणणारी गृहिणीही. दोघींची काही चूक नाही. पण त्यांच्या शेजारच्या टेबलावर जी यावर घर चालवू बघते, तिला त्याच ६० शी झुंजावं लागतं.

ही गोष्ट क्रोशानं एकदा पाहिलेली आहे. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी जायला लागली, तिथल्या लेसला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ मध्ये मांडला. त्यांना दिसलं ते असं: हजारो बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. घरी बसून रिकाम्या वेळात करतात, असं सगळे म्हणायचे, त्या स्वतःही. काम मोजलंच जात नसल्यामुळे मजुरीही नगण्य, आणि नफा मधल्या दलालांकडे. आता वर सांगितलेली यंत्राची गोष्ट आठवा. मॉलमध्ये खरंखुरं क्रोशाचं जाकीट स्वस्तात दिसलं, तर स्वस्ताई कुठल्याही कारखान्याच्या हुशारीतून आलेली नाही. तिची किंमत कुणाच्या तरी बोटांनी भरलेली आहे.

"पण चांगली वस्तू चांगलीच राहते ना? घेणारा घेईलच"

ही शंका रास्त आहे, फक्त त्यात एक गृहीत धरलंय: घेणाऱ्याला चांगलं ओळखता येतं. लाट मोठी झाली की नेमकं तेच अवघड होतं.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे दाखवलं, आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. विकणाऱ्याला माहीत असतं गाडी कशी आहे, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधलाच भाव लावतो. मधल्या भावात चांगली गाडी देणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठतो. उरलेल्या गाड्यांची सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी पडतो.

टेबलावरची दोन सूर्यफुलं समोरून सारखीच दिसतात. उलटी करून बघा. एका फुलात गाभ्याची सुरुवातीची गाठ घट्ट ओढलेली असते, धाग्याची शेपटी टाक्यांच्या आत दोन-तीनदा उलटसुलट ओवून मगच कापलेली. दुसऱ्यात शेपटी टाक्याजवळच कापून वर गरम गोंदाचा थेंब टाकलेला, पिवळट, पारदर्शक, बोटाला टोचणारा. दोन महिन्यांनी दुसऱ्या फुलाचा गाभा सैल पडतो, मधून भोक दिसायला लागतं, आणि घेणारी ठरवते की क्रोशा टिकतच नाही. पहिल्या फुलावाल्या मुलीनं तोवर दुकान आवरलेलं असतं.

खणाचंही हेच झालं. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात चोळीसाठी, म्हणून पन्हा कमी. ओटीत त्रिकोणी घडीचा खण आपल्याकडेही असतोच. त्याची साडी ही अलीकडची कल्पना, रुंद मागावरची. कल्पना झकास होती. मग खणाचं जाकीट आलं, डायरी, मास्क, तोरण, लॅपटॉपची पिशवी आली, आणि शेवटी खणासारखी नक्षी छापलेलं कापड आलं. खणाची बुट्टी विणीतच उमटते, बोटाला लागते. छापील कापडावर हात फिरवला तर सपाट. पाडव्याच्या मिरवणुकीत दहा फुटांवरून दोन्ही सारखीच. फोटोत तर छापील जास्त उठून दिसते!

मग तान्हा पोळ्याच्या बैलाचं काय?

माझ्या मते सगळ्यात दमदार आक्षेप हा आहे, आणि तो खास आपल्याकडचा. सगळीकडे पसरलं की आकर्षण जातं म्हणता, तर लाकडी बैलाचं का गेलं नाही? तान्हा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं मानतात. तेव्हापासून नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. आमच्यासारख्यांच्या माळ्यावर बापाचा बैल असतो, तोच पोराला रंग देऊन मिळतो. याहून जास्त मेनस्ट्रीम काय असणार?

उत्तर मला असं दिसतं. लाकडी बैल कधीच "बघा, मला हे आधी कळलं" अशी खूण नव्हता. तो सगळ्यांकडे असणं हाच त्याचा अर्थ. बिनबैलाचं लेकरू त्या दिवशी केविलवाणं दिसतं. शिवाय तो वर्षातून एकदा निघतो, म्हणून डोळ्यांना वीट येत नाही. आणि उठून दिसायची हौस भागवायला त्याच्या आतच भरपूर जागा आहे: तळहाताएवढ्या बैलापासून ओढायला दोन माणसं लागतील एवढ्या बैलापर्यंत, झूल, शिंगांची शेंबी, गळ्यातल्या घुंगरमाळा, सजावटीच्या स्पर्धा. म्हणजे झिमेल म्हणतात त्या दोन्ही भुका एकाच वस्तूत भागतात, आणि बाहेर पडायचं कारणच राहत नाही.

यातून एक कसोटी हाती लागते. कुठलीही हस्तकला पसरल्यावर टिकेल का, हे बघायचं असेल तर विचारावं: ती कुठल्या सणात, कुठल्या विधीत, कुठल्या रोजच्या कामात रुजली आहे का? रुखवतातलं क्रोशाचं तोरण काही पिढ्या टिकलं ते रुखवत होतं म्हणून. गाडीच्या आरशाला लटकणाऱ्या सूर्यफुलाला असा कुठलाच दिवस नाही.

"ही जुन्यांची जळजळ तर नाही?"

थोडी आहे. "आम्ही करत होतो तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं" या वाक्यात कलेबद्दलची काळजी कमी आणि गेलेल्या पहिल्या नंबरची चुटपुट जास्त असते. त्यात एक आंधळेपणाही आहे. धरमपेठेतल्या मुलींनी २०२१ मध्ये 'शोधलेलं' क्रोशा महालातल्या वाड्यात, खामल्यातल्या क्वार्टरात बायका कधीपासून करतच होत्या. कला तीच होती, फक्त सुई वेगळ्या हातात, वेगळ्या कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा तिला हँडमेड म्हणायला लागले. आणि आता तीच वस्तू फुटपाथवर आली की 'डाउनमार्केट'. पिएर बूर्दियू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये हेच दाखवलं होतं की आवड ही आपली खासगी गोष्ट वाटते, पण तिच्यातून बरेचदा आपला वर्ग बोलत असतो. कुठली वस्तू उतरली हे ठरवताना लोक बरेचदा वस्तू घेणाऱ्याकडे बघतात.

तरी सगळी तक्रार जळजळ म्हणून झटकू नये. जी म्हणते "आता मजा नाही" तिची खूण गेलीय. तिला दुसरी सापडेल, पंच नीडल म्हणा, टफ्टिंग म्हणा. जी म्हणते "आता परवडत नाही" तिची मजुरी गेलीय. दुसरीला "ट्रेंड काय, येतात-जातात" असं सांगणं म्हणजे तिच्या ताटातलं उचलून वर तत्त्वज्ञान वाढणं.

लाट ओसरल्यावर काय उरतं?

मॅक्रमे १९७० च्या दशकात पाश्चात्त्य घरांत इतकं होतं की पुढची कित्येक वर्षं लोक त्याची चेष्टा करत. २०१० नंतर ते परत आलं, आईच्या घरातलं मॅक्रमे न पाहिलेल्या पिढीनं आणलं. क्रोशाचेही चौकोनी ठिगळांचे स्वेटर त्याच दशकातले. म्हणजे चक्र साधारण असं: ज्यांनी एखादी गोष्ट लहानपणी नको तितकी पाहिली त्यांना ती नकोशी वाटते, ज्यांनी पाहिलीच नाही त्यांना ती नवी वाटते.

मधल्या काळात मात्र कला ज्यांच्याकडे राहते, ते लोक वेगळे असतात. मापाचं करून देणाऱ्या, बाळंतविड्याचं टोपडं करणाऱ्या, उसवलेलं दुरुस्त करणाऱ्या, शिकवणाऱ्या. आज ज्यांना क्रोशावर चार पैसे मिळवायचेत त्यांनी फुलांचं टेबल सोडून या कामांकडे वळावं, असं मला वाटतं. तिथे शेजारच्या टेबलाचा भाव आड येत नाही; बाळाच्या डोक्याचं माप घेऊन केलेलं टोपडं गठ्ठ्यानं विकत आणता येत नाही. आणि एक नागपुरी सल्ला: ते अ‍ॅक्रिलिकचे टॉप बंद करा. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. त्या गावात प्लॅस्टिकची लोकर अंगात घालून कोण फिरणार आहे, कितीही ट्रेंड असो!

मग आता शिकायला घेणं म्हणजे उशीर झाला का?

विकायच्या हिशोबानं झाला. शिकायच्या हिशोबानं याहून चांगली वेळ नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी बऱ्या सुती धाग्यासाठी मुंबईहून मागवावं लागायचं. आता इतवारी-गांधीबागेकडे रंगांच्या रांगा मिळतात. लाटेतून बाहेर पडलेल्या मुली उरलेल्या गुंड्या, सुयांचे संच अर्ध्या किमतीत काढतायत. आणि घरात एखादी आत्या, मामी अजून असेल तर तिला विचारा. व्हिडिओत हात उलटा दिसतो, ती शेजारी बसून बोट धरून दाखवते.

सुरुवात फुलानं करू नका. चार मिलिमीटरची सुई घ्या, मध्यम जाडीचा सुती धागा घ्या, आणि आधी नुसता चौकोन करा, चारही बाजू सारख्या येईपर्यंत. बहुतेकांच्या कडा आत जातात, कारण ओळीचा शेवटचा खांब नजरेतून सुटतो. प्रत्येक ओळीनंतर खांब मोजले की हे थांबतं. धागा फिक्या रंगाचा घ्या. काळ्यावर टाका कुठे आहे तेच दिसत नाही.